‘बँक’ या इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीचा काठ, पैशांची पेढी, रक्तपेढी, घाटात गाडीला मागून लागणारं इंजिन, वळणावरचा तिरका रस्ता, समुद्रात बुडालेलं पठार. इंग्रजीत या सगळ्यांसाठी ‘बँक’ हा एकच शब्द पुढे येतो. इंग्रजी शिकवणारे, भाषांतर करणारे, परीक्षेची तयारी करणारे आणि निव्वळ कुतूहल असणारे वाचक त्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जरूर तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. नदीचा काठ आणि पैशांची बँक यांना इंग्रजीत एकच शब्द कसा? हा योगायोग आहे का?

योगायोग नाही. दोन्ही अर्थ एकाच जुन्या जर्मानिक धातूपासून निघाले आहेत. ती मूळ भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही. इंग्रजी, जर्मन, डॅनिश, आइसलँडिक अशा तिच्या वंशज भाषा शेजारी ठेवून अभ्यासकांनी शब्दाचं जुनं रूप आणि अर्थ मागे जाऊन शोधला. तो अर्थ साधारण असा: लांबट, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असलेला कट्टा. हा कट्टा मातीचा असेल तर तो बांध, टेकाड, नदीकाठ. लाकडाचा असेल तर बसायचं बाक.

पुढे हे दोन अर्थ एकाच घरातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडलेल्या भावंडांसारखे वेगळ्या वाटांनी गेले. मातीचा कट्टा स्कँडिनेव्हियामार्गे इंग्लंडात आला (प्रश्न 2), लाकडाचा कट्टा इटली आणि फ्रान्समार्गे (प्रश्न 3). पोहोचले तेव्हा उच्चार सारखाच झालेला होता, अर्थ मात्र इतके लांब गेले होते की नातं कुणाच्या लक्षात येऊ नये.

2. काठ हा अर्थ इंग्रजीत नेमका कुठून आला?

नवव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात येऊन वसले. आधी लुटालूट करत आले, मग शेती करत राहिले. त्यांच्या भाषेतले शेकडो शब्द इंग्रजीत मुरले आणि तेही घरगुती शब्द: स्काय, एग, विंडो, नाइफ, हजबंड. ‘बँक’ त्याच गटातला. जुन्या आइसलँडिकमध्ये ‘बक्की’ म्हणजे टेकाड किंवा काठ. स्वीडिशमध्ये आजही ‘बाके’ म्हणजे चढण किंवा टेकडी.

म्हणून इंग्रजीतला हा ‘बँक’ फक्त नदीपुरता नाही. मातीचा बांध, गवताळ उतार, समुद्रातला उथळ उंचवटा, दाट धुक्याचा किंवा ढगांचा थर, साचलेल्या बर्फाचा ढीग या सगळ्यांना तो चालतो. लंडनच्या थेम्सकाठचा ‘एम्बँकमेंट’ याच शब्दाला उपसर्ग-प्रत्यय लागून झाला. अभियंते जोसेफ बॅझलजेट यांनी नदीत भराव घालून बांधलेला व्हिक्टोरिया एम्बँकमेंट 1870 मध्ये खुला झाला.

3. पैशांची बँक बाकावरून आली असं म्हणतात. हे खरं आहे की सांगोवांगी?

खरं आहे. मध्ययुगीन इटलीत सराफ बाजारात एक बाक किंवा फळी मांडून बसायचे. त्यावर नाणी तपासायची, तोलायची, एका शहराची नाणी घेऊन दुसऱ्या शहराची द्यायची. त्या बाकाला ‘बांका’ किंवा ‘बांको’ म्हणत. हा शब्द इटलीत आलेल्या जर्मानिक टोळ्यांनी तिथल्या बोलीत सोडलेला होता. हळूहळू बाकाचं नाव धंद्याला लागलं. फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याची बँक 1397 मध्ये सुरू झाली. सिएना शहरात 1472 मध्ये स्थापन झालेली बँक आजही चालू आहे. इंग्रजीत हा अर्थ पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. बँक ऑफ इंग्लंड 1694 ची. उत्तर इटलीतल्या या सावकारांची लंडनमधली खूण म्हणजे लोम्बार्ड स्ट्रीट.

पुरावा हवा असेल तर इतर भाषा पाहा. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये बाक आणि बँक दोन्हींना आजही एकच शब्द आहे. जर्मनमध्ये एकवचन दोन्हींचं ‘बांक’च, पण अनेकवचनात फरक होतो: बाकं म्हणजे ‘बेंके’, बँका म्हणजे ‘बांकन’. ग्रीकमध्ये तर शब्द वेगळाच, पण कल्पना तीच. तिथे बँकेला ‘त्रापेझा’ म्हणतात आणि त्याचा जुना अर्थ मेज.

आपल्याकडे सराफ गादीवर बसायचा, आणि ‘गादी’ म्हणजे त्याची पेढीसुद्धा. बसण्याच्या जागेवरून धंद्याला नाव पडणं ही तऱ्हा एकट्या इटलीची नाही.

4. दिवाळखोर सराफाचं बाक मोडून टाकत, म्हणून ‘बँकरप्ट’. ही गोष्ट खरी का?

शब्दाची फोड बरोबर आहे. इटालियन ‘बांका रोत्ता’ म्हणजे मोडलेलं बाक. तो शब्द फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. शिकलेल्या लोकांनी लॅटिन ‘रुप्तुस’कडे पाहून त्याचं शेपूट ‘रप्ट’ असं करून घेतलं. ‘इंटरप्ट’ आणि ‘करप्ट’ या शब्दांमधलं ‘रप्ट’ हेच. इंग्लंडात दिवाळखोरीचा पहिला कायदा 1542 चा.

पण लोक जमून खरोखर कुऱ्हाडीने बाक फोडत, हे दृश्य शब्दाच्या अर्थासाठी आवश्यक नाही. धंदा मोडला हे सांगायला ‘बाक मोडलं’ एवढं पुरतं. आपणही ‘त्याचं दुकान बसलं’ म्हणतो, तेव्हा भिंती कोसळलेल्या नसतात. ही गोष्ट सांगायचीच असेल तर ‘असं सांगतात’ हे शब्द सोडू नका.

मराठीतल्या ‘दिवाळे’ या शब्दालाही अशीच एक कथा जोडलेली आहे. धंदा बुडालेला व्यापारी दुकानात किंवा घरात दिवा लावून निघून जायचा, आणि घेणेकऱ्यांशी हिशेब मिटेपर्यंत तोंड दाखवायचा नाही. दिवा दिसला की लोकांनी समजायचं. इंग्रज लेखकांनी पश्चिम हिंदुस्थानातली चाल म्हणून हे नोंदवून ठेवलं आहे, मात्र ‘दिवाळे’ची व्युत्पत्ती तीच का, यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. दोन बाजारपेठा, दोन्हीकडे बुडालेल्या माणसाची जाहीर खूण. मला या दोन कथा शेजारी ठेवून वाचायला फार आवडतात.

5. मग ‘बेंच’ आणि ‘बँक’ हेही एकच का?

मूळ एकच. ‘बेंच’ हा इंग्रजीचा स्वतःचा, घरात वाढलेला शब्द आहे. जुन्या इंग्रजीत काही ठिकाणी ‘क’ चा ‘च’ झाला, स्कँडिनेव्हियन भाषांत तो ‘क’च राहिला. त्यामुळे इंग्रजीत अशा जोड्या सापडतात: ‘डिच’ घरचा, ‘डाइक’ त्याचा नातेवाईक. याच तऱ्हेने ‘श’ आणि ‘स्क’ची जोडी तयार झाली, ‘शर्ट’ आणि ‘स्कर्ट’. ही जोडी वर्गात सांगितली की मुलं सहसा विसरत नाहीत.

न्यायालयातलं ‘बेंच’ म्हणजे न्यायाधीशांचं आसन, आणि मग न्यायाधीशांचा गट. कायद्याच्या भाषेत याची फ्रेंच बाजूही टिकून आहे: सगळे न्यायाधीश एकत्र बसले की त्याला ‘आँ बांक’ बैठक म्हणतात. मराठीत आपण ‘खंडपीठ’ आणि ‘पूर्णपीठ’ म्हणतो. ‘पीठ’ म्हणजेही आसन. मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ म्हणताना आपण तीच प्रतिमा आपल्या शब्दांत वापरत असतो.

6. नदीचा डावा आणि उजवा ‘बँक’ कसा ठरवायचा?

पाणी जिकडे वाहतं तिकडे तोंड करून उभं राहायचं. डाव्या हाताला डावा तीर, उजव्या हाताला उजवा. तुम्ही कुठल्या बाजूने नदीपाशी आलात, याचा काही संबंध नाही. नाशिकचं जुनं गाव गोदावरीच्या उजव्या तीरावर आणि पंचवटी डाव्या. पुढे पैठणला नदी पूर्वेकडे वाहते आणि गाव उत्तर काठावर आहे, म्हणून ते डाव्या तीरावर. धरणाचे कालवेही याच नियमाने ओळखतात. जायकवाडीचा डावा कालवा आणि उजवा कालवा हे शब्द मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातले आहेत.

7. बातम्यांमधली ‘वेस्ट बँक’ ही कुठली बँक?

जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा प्रदेश. 1948 च्या युद्धानंतर तो जॉर्डनच्या ताब्यात गेला आणि 1950 मध्ये जॉर्डनने तो आपल्यात सामील केला. राज्याचा मूळ भाग नदीच्या पूर्वेला होता, त्यामुळे नवा भाग ‘पश्चिमेचा काठ’ ठरला. 1967 च्या युद्धापासून तो इस्रायलच्या ताब्यात आहे. मराठीत ‘पश्चिम किनारा’ असं लिहितात, पण ते वाचून समुद्रकिनारा डोळ्यांपुढे येतो. ‘पश्चिम तीर’ जास्त नेमकं आहे. एक खुबी अशी की जॉर्डन नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, म्हणून प्रश्न 6 च्या नियमाने हा उजवा तीर ठरतो.

8. ‘आंग्रिया बँक’ ही कोणती सहकारी बँक आहे? शाखा सापडत नाही.

हा प्रश्न खरोखर वरचेवर येतो. शाखा सापडणार नाही, कारण ती अरबी समुद्राच्या पाण्याखाली आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर समुद्रतळातून वर आलेलं हे विस्तीर्ण पठार आहे. त्याचा माथा पृष्ठभागापासून वीसेक मीटर खोल आहे, त्यामुळे तिथवर सूर्यप्रकाश पोहोचतो आणि प्रवाळ वाढतात. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचं नाव त्याला मिळालं. इंग्रज आंग्रे घराण्याला ‘आंग्रिया’ म्हणत.

इथला ‘बँक’ म्हणजे प्रश्न 2 मधला उंचवटा. उत्तर समुद्रातली डॉगर बँक आणि न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स याच जातीच्या. अशा उथळ जागी मासे भरपूर असतात, म्हणून दर्यावर्दी लोकांनी त्यांना आवर्जून नावं दिली.

9. फिजिक्समध्ये ‘बँकिंग ऑफ रोड्स’ आहे. त्याचा पैशांशी काय संबंध?

काहीही नाही. हा ‘बँक’ म्हणजे उतार. वळणावर रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच ठेवतात. त्यामुळे रस्त्याच्या प्रतिक्रिया बलाचा एक घटक वळणाच्या केंद्राकडे वळतो आणि गाडीला वळायला लागणारं अभिकेंद्री बल केवळ टायरच्या घर्षणावर अवलंबून राहत नाही. घर्षण धरलं नाही तर कोनाच्या टॅनची किंमत म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. विमान वळताना एका बाजूला कलतं, त्यालाही ‘बँक’ करणंच म्हणतात, आणि तत्त्वही तेच.

10. रेल्वेतला ‘बँकर’ म्हणजे कोण?

माणूस नव्हे, इंजिन. ब्रिटिश रेल्वेच्या बोलीत चढणीला ‘बँक’ म्हणत. चढणीवर गाडीला मागून रेटा देणारं जादा इंजिन ते ‘बँकर’. इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळची लिकी चढण यासाठी प्रसिद्ध आहे.

महाराष्ट्राला हा शब्द फार जवळचा आहे. बोरघाट आणि थळघाट या दोन्ही घाटांत रेल्वेची चढण 37 मीटरला 1 मीटर इतकी खडी आहे, लिकीच्या तोडीची. बोरघाटाचा मार्ग 1863 मध्ये सुरू झाला. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागे बँकर जोडतात, तो लोणावळ्यापर्यंत साथ देतो. कसाऱ्याला जोडलेला बँकर इगतपुरीपर्यंत जातो. ‘बँकर लागला का?’ हे वाक्य या मार्गांवर नेहमी जाणाऱ्यांच्या कानावरून गेलेलं असतं, आणि कर्जतला वडा घ्यायला जो वेळ मिळतो तो या बँकरमुळेच. आता पुढे आणि मागे दोन्हीकडे इंजिन असलेल्या काही गाड्यांना बँकर लागत नाही. मला हा शब्द विशेष प्रिय आहे. डॅनिश शेतकऱ्यांच्या टेकाडावरून निघालेला शब्द थेट सह्याद्रीत येऊन कामाला लागला.

11. वीज उपकेंद्रात ‘कॅपॅसिटर बँक’ असते. ती पैशांसारखी वीज साठवते म्हणून का?

तसं वाटणं साहजिक आहे, कारण कॅपॅसिटर विद्युतभार साठवतोच. पण इथे ‘बँक’ म्हणजे एका ओळीत मांडलेला संच. हा तिसरा प्रवाह, जुन्या फ्रेंच ‘बांक’ म्हणजे बाक या शब्दातून आलेला. वल्ह्यांच्या मोठ्या जहाजांत नाविक बाकांवर ओळीने बसत. त्या बाकावरून वल्ह्यांच्या रांगेला ‘बँक’ म्हणू लागले, मग ऑर्गनच्या पट्ट्यांच्या रांगेला, आणि यंत्रयुगात स्विच, लिफ्ट, दिवे अशा कुठल्याही रांगेला. उपकेंद्रातला हा संच मुख्यतः पॉवर फॅक्टर, म्हणजे पुरवलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, सुधारण्यासाठी असतो.

12. रक्तपेढीला ‘बँक’ कुणी म्हटलं?

शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमधले डॉक्टर बर्नार्ड फँटस यांनी, 1937 मध्ये. त्याआधीही सोव्हिएत रशियात रक्त साठवलं जात होतं, पण ‘ब्लड बँक’ हे नाव फँटस यांचं. पैसे भरल्याशिवाय बँकेतून काढता येत नाहीत, तसंच जेवढं रक्त बाहेर जाईल तेवढं आत यायला हवं, असं स्पष्टीकरण त्यांनीच दिलं होतं. मग डोळ्यांची बँक, माहितीची बँक, बियाण्यांची बँक अशी रांग लागली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांची गावरान बियाण्यांची बँक याच अर्थाची: मूठभर वाण न्यायचं, पिकलं की परत भरायचं.

मराठीने इथे सुंदर काम केलं आहे. ‘रक्तपेढी’ आणि ‘प्रश्नपेढी’ हे शब्द कुणालाही परके वाटत नाहीत. भारतात 2020 पासून औषधविषयक नियमांत ‘ब्लड बँक’ऐवजी ‘ब्लड सेंटर’ असा शब्द आला आहे, त्यामुळे फलकांवर ‘रक्त केंद्र’ दिसलं तर गोंधळू नका.

13. ‘बँक ऑन’, ‘बँक द फायर’, ‘ब्रेक द बँक’ हे कोणत्या अर्थाचे?

‘बँक ऑन’ म्हणजे भिस्त ठेवणं, पैशांच्या बँकेवरून. ‘बँक द फायर’ म्हणजे विस्तव राखेने किंवा कोळशाने झाकून मंद ठेवणं. हा ढिगाऱ्याचा अर्थ, प्रश्न 2 मधला. ‘ब्रेक द बँक’ जुगाराच्या अड्ड्यावरचा आहे: टेबलावर ठेवलेली सगळी रक्कम एखाद्याने जिंकणं. बिलियर्ड्सच्या टेबलाच्या कडेलाही पूर्वी ‘बँक’ म्हणत, म्हणून कडेला आपटून मारलेला फटका ‘बँक शॉट’.

14. ‘बँक्वेट’ हॉलचाही याच्याशी संबंध आहे का?

आहे. इटालियन ‘बांकेत्तो’, फ्रेंच ‘बांके’ म्हणजे छोटं बाक. त्यावरून बाकावर बसून केलेलं खाणं आणि मग थाटाची मेजवानी. याच बाकावर चढून बाजारात औषधं विकणारा भोंदू वैदू म्हणजे इंग्रजीतला ‘माउंटिबँक’. मूळ इटालियन शब्दांचा अर्थ सरळ आहे: ‘बाकावर चढ’.

15. ‘पिगी बँक’ ही ‘पिग’ नावाच्या मातीवरून आली का?

ही कथा फार फिरते, आणि तिच्यात अर्धं सत्य आहे. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीत ‘पिग’ म्हणजे मातीचं मडकं, याला आधार आहे. पण त्या नावाच्या खास मातीला तसा भक्कम आधार नाही, आणि डुकराच्या आकाराच्या गल्ल्याला ‘पिगी बँक’ म्हणणं विसाव्या शतकातलं आहे. मधली काही शतकं जोडणारा दुवा नाही.

16. इंग्लंडात सार्वजनिक सुट्टीला ‘बँक हॉलिडे’ का म्हणतात?

1871 मध्ये जॉन लबॉक यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्यावरून. ते स्वतः बँकर होते. त्या कायद्याने ठरावीक दिवशी बँका बंद राहतील आणि त्या दिवशी देय असलेल्या हुंड्या दुसऱ्या दिवशी चुकवता येतील अशी सोय केली. बँका बंद म्हणजे व्यापार थंड, म्हणून इतरांनाही सुट्टी मिळाली. आपल्याकडे बँकांच्या सुट्ट्या 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्याखाली जाहीर होतात. त्यामुळे महाराष्ट्रात ‘बँक हॉलिडे’ म्हटलं की बँक बंद, एवढाच अर्थ घ्यायचा. दुकानं आणि खाजगी कचेऱ्या चालू असू शकतात.

17. परीक्षेत ‘बँक’ हे होमोनिमचं उदाहरण म्हणून लिहायचं की पॉलिसेमीचं?

होमोनिम म्हणजे रूप सारखं पण शब्द वेगळे, पॉलिसेमी म्हणजे एकाच शब्दाचे एकमेकांतून निघालेले अनेक अर्थ. काठ आणि पैशांची बँक ही जोडी विचारली असेल तर होमोनिम लिहा. भाषाशास्त्राची पाठ्यपुस्तकं हेच नेहमीचं उदाहरण देतात आणि मोठे शब्दकोशही या दोन अर्थांच्या वेगळ्या नोंदी करतात. कारण इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द म्हणून, वेगळ्या भाषांतून आले आणि आजच्या बोलणाऱ्याला त्यांच्यात नातं जाणवत नाही. त्याच्याही मागे जाऊन मूळ एक आहे हे प्रश्न 1 मध्ये पाहिलं. ते उत्तरात एका वाक्यात जोडलंत तर चांगलंच. पैशांची बँक आणि रक्ताची बँक मात्र पॉलिसेमी, कारण एका अर्थातून दुसरा उघडपणे निघाला आहे.

18. शाळेतलं ‘बाक’ याच कुळातलं का? आणि ‘पाठीला बाक आला’ त्यातला बाक?

पहिलं हो, दुसरं नाही. बसायचं बाक पोर्तुगीज ‘बांको’वरून आलं. गोव्यात कोंकणीत अजून ‘बांक’ असा अनुनासिक उच्चार ऐकू येतो. म्हणजे मुंबईतली बँक आणि वर्गातलं शेवटचं बाक हे सख्खे नातेवाईक, एक इंग्रजांबरोबर आलं, दुसरं त्यांच्या आधी पोर्तुगीजांबरोबर. पाठीचा बाक, वाकणे, वाकडा हे सगळे मात्र संस्कृत ‘वक्र’च्या घरचे. ध्वनी सारखा, मूळ पूर्ण वेगळं. होमोनिमचं निखळ उदाहरण हवं असेल तर मराठीतला हा ‘बाक’ इंग्रजीतल्या ‘बँक’पेक्षा सरस आहे.

19. मराठीत ‘बँक’ बरोबर की ‘बैंक’? आणि संगणकावर शोधताना कधी कधी शब्द सापडत का नाही?

‘बैंक’ हे हिंदीतलं लेखन. मराठीत ‘बँक’ लिहितात आणि तो शब्द स्त्रीलिंगी चालवतात: ती बँक, त्या बँका. शोधताना अडचण येते, कारण मराठीत इथे अर्धचंद्र आणि वरचा अनुस्वार अशा दोन खुणा मानल्या जातात, पण टंकताना बहुतेक जण चंद्रबिंदूची एकच कळ दाबतात. पडद्यावर दोन्ही रूपं जवळजवळ सारखी दिसतात, संगणकाच्या आत मात्र त्यांचे संकेत वेगळे असतात. जुन्या मजकुरात शोध घेताना ‘बँक’ आणि ‘बॅंक’ दोन्ही टंकून पाहा.